शेवटचं सेव्ह बाईंच्या नावावर

मला खोटं बोलता येत नाही, असं मी पस्तिशी उलटेपर्यंत छाती ठोकून सांगत आलो. त्या दिवशीही मी खोटं बोललो नाही. जे बोललो ते अक्षर न् अक्षर खरं होतं. त्या खऱ्याच्या आड मी लपलो, माझी चूक एका वयस्क बाईंच्या पदरात टाकली आणि एका पोरीची दहावी त्यात गेली. लाज वाटते म्हणून लिहितोय. लिहितानाही अधूनमधून स्वतःची बाजू मांडायची खाज सुटेल, तेवढी सांभाळून घ्या.

आमचं ऑफिस गुजरातेत, कतारगामला. खालच्या मजल्यांवर हिरे घासायचे कारखाने आणि वर आम्ही, सॉफ्टवेअरवाले. शाळा, दवाखाने, साड्यांचे व्यापारी, ज्याला जे हवं ते करून द्यायचो. प्रत्येक कामात डेटाबेस असायचाच. डेटाबेस म्हणजे शेवटी रजिस्टरच हो. एका रजिस्टरचं एक टेबल, एका माणसाची एक ओळ. पण त्या ओळीतलं काही वाचायचं किंवा बदलायचं म्हटलं की डेटाबेसच्या भाषेत लांबलचक हुकूम लिहावे लागतात, आणि आमच्या ऑफिसात ते हुकूम जो तो आपल्या मनाने लिहायचा. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला कळायचं नाही. रोज कुठे ना कुठे काहीतरी फुटायचं आणि निस्तरायला मी. एक दिवस माझं डोकं सणकलं. म्हटलं, थांबा लेको, तुम्हाला हे लिहायची गरजच ठेवत नाही.

मग मी माझी लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे आयता कोड. एकाने एकदा लिहायचा आणि बाकीच्यांनी वापरायचा. डेटाबेसमधली ओळ हाती आली की माझी लायब्ररी तिची एक वस्तू बनवायची, आमच्या भाषेत ऑब्जेक्ट. विद्यार्थ्याच्या ओळीचा विद्यार्थी, शिक्षकाच्या ओळीचा शिक्षक. त्याला नाव विचारा, तो सांगणार. त्याची इयत्ता बदला, बदलणार. शेवटी फक्त 'सेव्ह' म्हणा, तो आपला आपण जाऊन आपली ओळ लिहून येणार. हुकूम नाही, कटकट नाही. मला त्या सेव्हचा इतका गर्व होता की नवीन माणूस ऑफिसात आला की पाणी विचारायच्या आधी मी त्याला ते दाखवायचो. बायको म्हणायची, पोराच्या बारशाला एवढं मिरवला नव्हतात.

आता या सेव्हची एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तुम्ही विद्यार्थ्याचा फक्त फोन नंबर बदलला, तरी माझं सेव्ह त्याची अख्खी ओळ नव्याने लिहायचं. काय बदललं आणि काय नाही, याची चौकशी नाही. मधल्या वेळात त्या ओळीला दुसऱ्या कुणी हात लावलाय का, याची तर नाहीच नाही. समजा, सकाळी तुम्ही रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. दुपारी कुणी मूळ पानावर दुरुस्ती केली. संध्याकाळी तुम्ही तुमची सकाळची झेरॉक्स त्या पानावर चिकटवून घरी गेलात. दुपारची दुरुस्ती गेली. तुम्ही काही खोडलं नाही, काही लिहिलं नाही, तरी गेली.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या शेजारी एक बेन बसायच्या. आमच्याकडे ऑफिसात बाईमाणसाला बेनच म्हणतात. दोन मुलांची आई, बोलणं कमी, डोकं तल्लख. त्यांनी माझा कोड वाचला आणि एवढंच विचारलं, "भाई, बे जण एकसाथे खोले तो?" दोघांनी एकाच वेळी उघडलं तर?

मी हसलो. म्हटलं, "बेन, शाळेत एका पोराचं पान दोघं जण कशाला उघडतील? त्यांना एकाला उघडता आलं तरी पुष्कळ."

त्यांनी उपायही सांगितला. प्रत्येक ओळीला एक क्रमांक द्यायचा, दर सेव्हला तो एकने वाढवायचा, आणि लिहायच्या आधी बघायचं की आपण उघडताना होता तोच क्रमांक अजून आहे ना. नसेल तर थांबायचं आणि सांगायचं. "बे लाइननुं काम छे," म्हणाल्या. करतो म्हटलं आणि केलं नाही. वेळ नव्हता असं नाही. मला सुचलं नव्हतं ते त्यांना सुचलं, हे पोटात दुखत होतं. आहे हे असं आहे.

या लायब्ररीवर उभं केलेलं पहिलं मोठं काम मी फुकट दिलं, माझ्या शाळेला. उधन्याची मराठी शाळा. माझे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. आमच्या गल्लीतली सगळी पोरं त्याच शाळेत. खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्यांची. घरी एक बोली, वर्गात दुसरी, रस्त्यावर गुजराती नाहीतर हिंदी. शाळेने माझा फोटो नोटीस बोर्डावर लावला. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, कुणीही पाहुणा आला की त्याला फोटोपुढे नेऊन उभं करायचे. मी वरवर म्हणायचो, काय सर, कशाला. आतून नुसती उकळी फुटायची.

ऑफिसात क्लार्क म्हणून बाई होत्या. मी शाळेत असल्यापासून त्याच. माझा दाखला त्यांच्याच अक्षरात आहे. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती आणि त्या वयात त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं ते मी. शिकल्या बिचाऱ्या. वहीत लिहून घेऊन शिकल्या. पण काम करायची पद्धत जुनीच. रजिस्टरांच्या काळात त्या सकाळी आल्या की ज्या ज्या पोराचं काम असेल त्याचं पान उघडून टेबलावर मांडायच्या, दिवसभर ती पानं तशीच, आणि संध्याकाळी एकेकावर सही करून बंद. सही केल्याशिवाय रजिस्टर मिटायचं नाही, हा त्यांचा नेम. कॉम्प्युटरवरही तेच. सकाळी ज्यांचं काम ते सगळे विद्यार्थी उघडून ठेवायच्या, आणि संध्याकाळी एकेकाला सेव्ह म्हणून बंद करायच्या. काही बदललेलं असो वा नसो.

मी हे बघितलं होतं. शिकवायला गेलो तेव्हाच. म्हटलं, "बाई, काही बदललं नसेल तर सेव्ह नाही केलं तरी चालतं." तर म्हणाल्या, "असू दे रे. सही करून मिटलं की जीवाला बरं वाटतं." मी हसून सोडून दिलं. ऑफिसात जाऊन बाकीच्यांना किस्सा म्हणून सांगितलाही, आणि बेन सोडून सगळे हसले.

दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. बाप लूमवर. त्या वर्षी त्याचा कारखाना काही महिने बंद पडला, तसं घर आवरून सगळे गावी गेले. कॉम्प्युटरवर मुलीच्या नावापुढे 'शाळा सोडली' असं आलं. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला आणि बाप परत आला, पण मुलीला शाळेत पाठवेना. साडीला खडे चिकटवायचं काम घरबसल्या मिळतं, दोन हात आणखी लागले असते. वर, दहावी करून करायचंय काय, हा प्रश्न. बाई दोनदा त्यांच्या खोलीवर गेल्या. बापाशी भांडल्या म्हणे, अहिराणीत, अगदी भावाशी भांडावं तशा. एवढी एक परीक्षा देऊ द्या, मग मी तुमच्या दारात येणार नाही, असा शब्द दिला आणि पोरीला हाताला धरून वर्गात आणून बसवली. पुढची सगळी गोष्ट याच पोरीच्या परीक्षेची आहे. ती एकदा हुकली की बाप दुसऱ्यांदा ऐकणार नव्हता, हे बाईंना ठाऊक होतं, पोरीलाही ठाऊक होतं.

ती ज्या दिवशी परत आली त्या दिवशी सकाळी बाईंनी तिचं पान उघडलं. अर्जावर पत्ता घालायचा होता म्हणून. पान नेहमीसारखं उघडंच राहिलं. दुपारी वर्गशिक्षकांनी स्टाफरूममधल्या कॉम्प्युटरवरून तिच्या नावापुढचं 'शाळा सोडली' काढून 'चालू' केलं. आणि संध्याकाळी बाईंनी नेमाप्रमाणे सगळी पानं सेव्ह करून मिटली. सकाळची झेरॉक्स दुपारच्या दुरुस्तीवर बसली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्गात हजेरी हातानेच घेतात. शिक्षकांनी तिचं नाव पेनाने शेवटी लिहिलं होतं, ती वर्गात येत होती. बोर्डाला पाठवायची यादी मात्र माझ्या सॉफ्टवेअरमधून निघाली. ज्यांच्यापुढे 'चालू' तेवढीच नावं. फॉर्मवर सह्या घेतल्या त्या आठवड्यात ती तापाने घरी पडलेली. शिक्षकांना वाटलं बाईंनी नंतर घेतली असेल, बाईंना वाटलं शिक्षकांनी. कॉम्प्युटरची यादी म्हटल्यावर मोजून कोण बघतो? परीक्षा तोंडावर आली, हॉल तिकिटं आली, आणि तिचं आलं नाही.

मोठ्या सरांचा मला ऑफिसात फोन आला. आवाज चढलेला. म्हणाले, आम्ही बोर्डाच्या ऑफिसात जाऊन आलो, हातापाया पडलो, मुदत संपली म्हणतात. हे झालं कसं ते बघ आणि इकडे ये.

माझी लायब्ररी प्रत्येक सेव्हची नोंद ठेवायची. कुणी, किती वाजता, कोणती किंमत लिहिली. तिला आम्ही लॉग म्हणतो. लॉग उघडला. दुपारी वर्गशिक्षकांचं सेव्ह, 'चालू'. संध्याकाळी बाईंचं सेव्ह, 'शाळा सोडली'. त्याच मिनिटाला बाईंची आणखी बरीच सेव्ह ओळीने, एकामागून एक. मला ती पानं मिटताना दिसलीच. कानशिलं तापली. बेननी खुर्ची सरकवून माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सेव्ह आखी ओळ लखे छे ने?" सेव्ह अख्खी ओळ लिहितं ना?

"शेवटचं सेव्ह क्लार्कचं आहे," मी म्हटलं. त्यांनी खुर्ची परत आपल्या टेबलाकडे ओढली.

कतारगाम ते उधना मोपेडवर मी ठरवत गेलो की सांगून टाकायचं. शपथेवर सांगतो, ठरवत गेलो. वाक्यं जुळवली. सर, चूक सॉफ्टवेअरची आहे, माझी आहे, बाईंची नाही. शाळेच्या पायऱ्या चढलो तर समोर नोटीस बोर्डावर मीच. तिथून पाच पावलांवर मोठ्या सरांची खोली. आत सर, वर्गशिक्षक, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाई. बाईंनी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

सर म्हणाले, "ये बाबा. तूच सांग आता. सिस्टीमची चूक की माणसाची?"

मी म्हटलं, "सर, लॉगमध्ये शेवटचं सेव्ह बाईंच्या नावावर आहे. संध्याकाळचं. त्यात 'शाळा सोडली' आहे."

बस्स. एवढंच बोललो. यात एक शब्द खोटा नाही, काढून दाखवा.

वर्गशिक्षकांनी सुटकेचा श्वास टाकला. सर बाईंकडे वळले. बाई म्हणाल्या, "मला तर आठवत नाही मी बदललं. पण असेल. दाबलं गेलं असेल माझ्याकडून. मशीन कशाला खोटं बोलेल?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती. तोंड उघडायचं फक्त. मी माझ्या हेल्मेटच्या काचेवरचा ओरखडा बघत बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मलाच माहीत. सर म्हणाले, "बाई, तुम्हाला झेपत नसेल तर आधी सांगायचं ना. पोरीचं वर्ष गेलं." दुसऱ्या दिवसापासून बाईंना कॉम्प्युटरवरून उठवलं आणि पुस्तकांच्या खोलीत बसवलं.

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तिच्या घरी सोडशील का रे मला? चालत गेले तर हिंमत व्हायची नाही."

मी सोडलं. मोपेडवर मागे बसून त्यांनी मला तिची गल्ली दाखवली. गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही अशी ती गल्ली. वरच्या मजल्यावर एक खोली. आई आणि मुलगी साडी पसरून खडे लावत होत्या, बाप पाळीवर जायच्या तयारीत. मी दारातच थांबलो. बाई आत गेल्या, आणि काय झालं ते सांगितलं. माझ्याकडून चुकून दाबलं गेलं, म्हणाल्या. आधी बापापुढे हात जोडले. मग वाकल्या आणि त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीच्या पायांना हात लावला.

पोरीने पाय ओढून घेतले. "तुम्हीच आणलं ना मला परत?" ओरडलीच ती. "मग तुम्हीच काढलं?"

बाप चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई. आते बस व्हयनं." आता पुरे झालं, एवढंच. आणि डबा उचलून माझ्या शेजारून निघून गेला. जाताना मला म्हणाला, सरका जरा.

मी सरकलो. परत येताना बाई म्हणाल्या, "तुला उगाच त्रास झाला आज. ऑफिसचा खाडा झाला." मी काय म्हटलं असेन? "नाही हो बाई, त्रास कसला." हे असं म्हटलं मी. आजही आंघोळ करताना, गाडी चालवताना, मध्येच हे वाक्य आठवतं आणि मी एकटाच तोंडाने च् च् करतो. बायको विचारते काय झालं. काही नाही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी बेननी सांगितलेला बदल केला. दोन ओळींचं काम म्हणाल्या होत्या, मला चार लागल्या. आता तुम्ही पान उघडून ठेवलंत आणि मध्ये दुसऱ्या कुणी ते बदललं, तर माझं सेव्ह थांबतं आणि सांगतं की थांबा, यात बदल झालाय, आधी बघून घ्या. पुढे आमच्या साहेबांच्या ते नजरेत आलं. खूश झाले. सगळ्यांना बसवून मला समजावून सांगायला लावलं. आणि मी सांगितलं की! उभा राहून, फळ्यावर चौकोन काढून. लोकांच्या सवयी कशा असतात, काही लोक पानं दिवसभर उघडी ठेवतात, आपण आधीच विचार करायला हवा, वगैरे वगैरे. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बेन मागच्या खुर्चीत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून आपल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

असं वर्ष गेलं. वर्षाअखेर बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मला बोलावणं होतं, माजी विद्यार्थी म्हणून पहिल्या रांगेत. शाल, नारळ, सगळं रीतसर. मोठे सर भाषणात चांगलं बोलले, आणि शेवटी म्हणाले, "कॉम्प्युटरच्या जमान्यात बाईंना थोडं जड गेलं, पण वयोमानाने ते व्हायचंच." चारदोन लोक हसले. बाईही हसल्या. मला मात्र तिथे बसवेना. जेवण न करता निघालो.

रविवारी कोसाडला गेलो. बाई तिथे वसाहतीत एकट्या राहतात. दुपारची वेळ, लसूण सोलत बसल्या होत्या. मला बघून आनंदल्या. ये ये, म्हणाल्या, जेवायला का थांबला नाहीस परवा? मी बसलो आणि लगेच सांगायला सुरुवात केली, कारण चहा पोटात गेला असता तर पुन्हा बोलणं झालं नसतं. झेरॉक्सचं उदाहरण देऊन सांगितलं. मला वाटलं होतं दोनदा सांगावं लागेल. एकदाच लागलं.

"म्हणजे मी काही बदललं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"नाही."

"दाबलंही नव्हतं."

"नाही बाई. तुम्ही फक्त सेव्ह केलं. रोजच्यासारखं. चूक माझ्या कोडमध्ये होती."

त्यांनी लसणाचं ताट बाजूला ठेवलं. "वर्षभर मी गॅस बंद केला का ते चारचारदा उठून बघते," त्या म्हणाल्या. "कुलूप लावून खाली जाते, परत वर येते. बहिणीने डॉक्टरकडे नेलं. डोक्याचा फोटो काढला. मला वाटलं मला विसरायला व्हायला लागलं. जे केलेलं मला आठवत नाही, ते मी करायला लागले." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि ते मी केलंच नव्हतं."

मी मान हलवली. ही गोष्ट मला स्वप्नातही सुचली नव्हती. मी वर्षभर माझ्या लाजेचा हिशेब करत बसलो होतो, आणि इथे एक बाई स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास घालवून बसल्या होत्या.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

यावर थाप मारता आली असती. आत्ताच कळलं, परवाच बघत होतो, असं काहीतरी. ओठावर आलंही होतं. "त्याच दिवशी," मी म्हटलं, "शाळेत यायच्या आधी."

"मला तिच्या घरी घेऊन गेलास तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"मी तिच्या पाया पडले तेव्हा तू दारात होतास."

"हो."

बाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. माझ्या जिवाला तेच लागलं. माफ करा म्हणायला मी पुढे झालो तर त्यांनी हात वर केला. "ऊठ," म्हणाल्या. "मला सांगितलंस, झालं. शाळेत काय सांगायचं ते मग बघू. आधी त्या पोरीला जाऊन सांग. आज. आत्ता." मी चपला घालेपर्यंत त्या दाराशी उभ्या होत्या. पाण्याचंही विचारलं नाही त्यांनी, आणि ते बरोबरच होतं.

उधन्याला पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. खोली तीच. मुलगी एकटी जमिनीवर बसून साडीच्या काठाला खडे लावत होती, आई मोरीत भांडी घासत होती. पोरगी वर्षात मोठी दिसायला लागली होती. बोटांना डिंक लागून कातडी पांढरी पडलेली. बाहेरून परीक्षेला बसलीस का, असं मी आधी विचारलं. नाही म्हणाली. बाबा नको म्हणाले. तुम्ही कोण?

मी कोण ते सांगितलं. सगळं सांगितलं. या वेळी झेरॉक्सबिरॉक्स काही नाही, सरळ म्हटलं की तुझं नाव माझ्या चुकीने गेलं, बाईंचा काही दोष नव्हता, आणि मला माहीत असून मी बोललो नाही. बाहेरून फॉर्म भरायचं मी बघतो, पुस्तकं आणतो, तुझ्या वडिलांशीही बोलतो. घाईघाईने बोलत सुटलो होतो. तिने खडा लावायचा थांबवला नाही. ओळ पूर्ण केली, मग हात पुसले.

"परीक्षेचं राहू द्या," ती म्हणाली. "ते माझं मी बघीन, नाहीतर नाही बघणार. बाईंचं बोला. त्या तीनदा आल्या होत्या इथे, नंतर. पुस्तकं घेऊन. मी दार नाही उघडलं. मी आतून म्हटलं, तुमच्यामुळे झालं, जा. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं." तिचा आवाज फाटला. "लूम चालू असताना, तरी ऐकू जाईल असं."

बाई तीनदा येऊन गेल्या हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं.

ती उठली. मोरीकडे तोंड करून म्हणाली, "आई, मी बाईंकडे जाई येस." आईने कुठे, का, काही विचारलं नाही. पोरीने ओढणी घेतली, दारात चपला पायात सरकवल्या आणि मग थांबली.

"एक विचारू?" म्हणाली. "तुम्ही मला सांगायला आलात ते तुमच्या मनाने, की बाईंनी पाठवलं?"

"बाईंनी पाठवलं," मी म्हटलं.

"वाटलंच," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.